ठोकळा चार दिवस वागवून बघा

पत्र:

सर, मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. अकरा वर्षं झाली. रोजचे १४० खातेदार. निम्मे मंडईतले, बाकी शिंपी, सलूनवाले, गॅरेजवाले. आत्तापर्यंत संस्थेनं दिलेलं बटणांचं मशीन होतं, एसटीच्या कंडक्टरकडे असतं तसं. ते आता बंद करणार, सुटे भाग मिळत नाहीत म्हणे. मॅनेजरसाहेबांनी दोन पर्याय ठेवलेत. एक, काचेच्या पडद्याचं नवं मशीन. पावती छापायचा प्रिंटर त्याच्या पोटातच. वजन साडेचारशे ग्रॅम. दुसरा, आपल्याच मोबाईलवर संस्थेचं ॲप आणि कमरेला लावायचा वेगळा छोटा प्रिंटर. आम्ही सहा एजंट आहोत. सगळ्यांनी मिळून एकच काय ते ठरवून सांगा, असा निरोप आहे.

पंधरा दिवस रोज चहाला हाच वाद चाललाय. एक दादा म्हणतात, वीट कोण वागवणार, मोबाईल खिशात मावतो. दुसरे म्हणतात, मोठंच घ्या, त्यात क्यूआर आहे, कॅमेरा आहे, सिमकार्ड आहे, उद्या काहीही लागेल. माझा मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणतो, आई, तुझा फोनच लहान आहे, आधी साडेसहा इंची घे, मग ॲप. माझे हात लहान, चाळिशीचा चष्मा लागलाय. आणि खरं सांगू का, एवढ्या वादात मला खिसाच नाही हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. शनिवारी साहेबांना उत्तर द्यायचंय. काय सांगू? नाव छापू नका.

उत्तर:

ताई, नाव छापत नाही. गावही नाही.

तुमच्या पत्रात दोन यंत्रं, सहा एजंट, एक मॅनेजर आणि एक डिप्लोमावाला मुलगा एवढी सगळी मंडळी आहेत, पण मी अडकलो ते "मला खिसाच नाही" या तीन शब्दांत. त्यावर येतोच. आधी तुमच्या चहाच्या वादाबद्दल थोडं बोलू द्या, कारण हाच वाद पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः घातलाय. पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, आणि हरलोही आहे.

तेव्हा तळहातावर मावणाऱ्या संगणकांना पामटॉप म्हणायचे. त्यावरून फोन करता यायचा नाही. पत्ते, तारखा, कामांची यादी, थोडाफार हिशेब, एवढंच. १९९९ च्या फेब्रुवारीत पाम कंपनीनं एकाच वेळी दोन यंत्रं बाजारात आणली. एक पाम थ्री-एक्स. त्यात ४ एमबी मेमरी, आत जादा कार्ड बसवायची जागा, दोन बारीक पेन्सिल सेल, किंमत ३६९ डॉलर. दुसरं पाम फाइव्ह. त्यात २ एमबी मेमरी, वाढवायची सोय नाही, बॅटरी आतच बंद, आणि किंमत ४४९ डॉलर. निम्मी मेमरी आणि ऐंशी डॉलर जास्त! कशाचे? जाडी एक सेंटिमीटर, वजन ११५ ग्रॅम आणि अंगावर ॲल्युमिनियमचं कवच, याचे.

माझ्याकडे पहिलं होतं, अमेरिकेहून आलेल्या चुलतभावानं दिलेलं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडे दुसरं. मी त्याला रोज टोमणा मारायचो, ऐंशी डॉलर मोजून तू नुसता बारीकपणा विकत घेतलास. तो हसायचा, बोलायचा काही नाही. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की माझं यंत्र टेबलाच्या खणात असतं आणि त्याचं शर्टाच्या खिशात. जिन्यात कुणी "गुरुवारी येतोस का?" असं विचारलं तर तो जागच्या जागी बघून सांगायचा, आणि मी म्हणायचो, "वर जाऊन बघतो." माझ्या चार एमबीपैकी निम्म्याहून जास्त जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली. तिचा अभिमान मात्र मी पुरेपूर बाळगला.

आता मी तुम्हाला लहानच घ्या असं सांगणार असं वाटलं असेल, तर थांबा. गोष्ट तिथं संपत नाही.

ही पामची जात ज्यानं काढली त्याचं नाव जेफ हॉकिन्स. त्याआधी १९९३ मध्ये ॲपलनं न्यूटन नावाचं यंत्र आणलं होतं. त्याच्या काचेवर लिहायचं, मग ते अक्षर ओळखायचं, बरेचदा भलतंच. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या नव्या मशीनच्या थोडंसंच खाली, आणि आकार शर्टाच्या खिशाला न पेलणारा. १९९८ मध्ये ॲपलनं ते गुंडाळलं. हॉकिन्सचं स्वतःचं झूमर नावाचं यंत्रही १९९३ मध्येच आलं आणि आपटलं. मग पुढच्या यंत्राचा विचार करताना या माणसानं लाकडाचा एक ठोकळा कापला, शर्टाच्या खिशात बसेल एवढा. चॉपस्टिकची लेखणी केली. आणि तो ठोकळा खिशात घालून हिंडायला लागला. बैठकीत कुणी तारीख मागितली की गंभीर चेहऱ्यानं ठोकळा काढायचा, त्यावर काडी टेकवायची, वेळ मोकळी आहे की नाही ते बघितल्यासारखं करायचं आणि परत खिशात. आजूबाजूच्या लोकांना काय वाटत असेल ते जाऊ द्या. १९९६ मध्ये खरं यंत्र निघालं, पायलट. सगळ्यांत स्वस्त मॉडेलला १२८ केबी मेमरी आणि किंमत २९९ डॉलर. लोकांनी उचलून धरलं. तो लाकडी ठोकळा आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या संगणक इतिहास संग्रहालयात ठेवलाय.

आता तुमचे तीन शब्द. हॉकिन्सनं माप घेतलं ते पुरुषाच्या शर्टाच्या खिशाचं. ते त्याच्यापुरतं चोख होतं. पुढं मात्र "खिशात मावतं" हे सगळ्या जगाचं माप झालं, आणि साडीला, पंजाबी ड्रेसला खिसा नसतो हे त्या जगाच्या ध्यानातच आलं नाही. तुमचे दादा म्हणतात मोबाईल खिशात मावतो, ते खोटं नाही. त्यांचा मावतो. तुमचा मोबाईल पर्समध्ये असतो, आणि पिग्मीची रोकडही बहुतेक त्याच पर्सच्या दुसऱ्या कप्प्यात. म्हणजे दर खातेदारापाशी चेन उघडा, मोबाईल काढा, कुलूप उघडा, नोंद करा, पावती घ्या, मोबाईल आत टाका, चेन लावा. भर मंडईत, चार जण बघत असताना, पैशांची पिशवी दिवसातून १४० वेळा उघडायची. दादा शर्टातून मोबाईल काढतात तेव्हा त्यांची रोकड हलतही नाही.

घड्याळ लावून हे एकदा मोजा. चेन उघडून मोबाईल काढायला आणि परत ठेवायला प्रत्येकी सहा सेकंद धरली, तर खातेदारामागं बारा. १४० गुणिले बारा म्हणजे १,६८० सेकंद, अठ्ठावीस मिनिटं. रोजची. त्या वेळात तुमची मंडईची एक अख्खी रांग होते. तेव्हा तुमच्यासाठी लहान यंत्र म्हणजे कमी सेंटिमीटरचं नव्हे. हाताला लवकर लागतं ते. साडेचारशे ग्रॅमचं यंत्र खांद्याच्या पट्ट्याला लोंबतंय आणि हात खाली नेला की मुठीत येतंय, तर मी त्याला लहान म्हणेन.

वजनाचंही बघू. दुसऱ्या पर्यायातल्या प्रिंटरचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला खात्री आहे की चहाच्या टेबलावरही ते कुणी काढलं नसणार. माझ्याकडे दोन इंची रोलचा असलाच एक प्रिंटर पडून आहे. काल रोल घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २४० ग्रॅम. माझा फोन १९०. बेरीज ४३०. आता सांगा, वीट कोण वागवतंय? फक्त तिचे दोन तुकडे केलेत, आणि दुसरा तुकडा कमरेच्या पट्ट्यावर ढकललाय. तुम्ही पट्टा लावत नसाल तर तोही पर्समध्येच जाणार.

हा खेळही जुनाच आहे. २००० मध्ये कॉम्पॅकचा आयपॅक निघाला. रंगीत पडदा, दिसायला देखणा, हातात घेतला की सोडवत नसे. पण जादा मेमरीचं कार्ड घालायचं तर त्याला वेगळं जॅकेट चढवावं लागायचं. जॅकेट म्हणजे मागून सरकवायचं प्लॅस्टिकचं कवच. ते चढवलं की यंत्र एकदम गलेलठ्ठ. कागदावर बारीकपणाही लिहिलेला आणि कार्डाची सोयही लिहिलेली. दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत हे मात्र वापरायला लागल्यावर कळायचं. मला ऑफिसातून एक मिळाला होता. पहिल्या आठवड्यात जॅकेट काढ-घाल केलं, दुसऱ्यात जॅकेट कायम चढवून ठेवलं, तिसऱ्यात यंत्र परत केलं.

वेगळ्या प्रिंटरची आणखी एक गंमत तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. मोबाईल आणि प्रिंटर यांचं बोलणं ब्लूटूथवर चालतं. बहुतेक वेळा नीट चालतं. पण प्रिंटर मध्येच झोपला, किंवा मोबाईल काल घरी मुलाच्या स्पीकरला जोडलेला होता, की मग जोडणी परत करत बसा. टमाटेवाल्या मावशी वीस रुपये हातात धरून उभ्या, मागं गिऱ्हाईक. दोन बॅटऱ्या, दोन चार्जर, आणि एक जरी संपली तरी पावती नाही. एकत्र मशीनचं दुखणं उलटं आहे: प्रिंटर बिघडला की सगळंच दुरुस्तीला जातं. वेगळा प्रिंटर असेल तर तेवढाच बदलून मिळतो. म्हणून साहेबांना आधी विचारा की मशीन बिघडलं तर दुसरं किती वेळात हातात देणार. "बघू" हे उत्तर चालणार नाही. शाखेत एक जादा मशीन ठेवलेलं असेल तर निम्मी काळजी मिटली.

रोलचंही विचारा. हे इतकं बारीक वाटतं की कुणी विचारत नाही. तुमच्या १४० पैकी समजा नव्वद जण कागद मागतात. पावती आठ सेंटिमीटरची धरली तर जवळपास सव्वासात मीटर कागद लागला. यंत्र जितकं छोटं तितका त्यात बसणारा रोलही बारका. फेरी संपायच्या आत रोल संपणार असेल तर वांग्यांच्या पाटीवर प्रिंटर ठेवून, झाकण उघडून, नवा रोल घालायची कसरत रोजची. आणि हा कागद शाईचा नाही, उष्णतेनं काळा होणारा आहे. रोल स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. मे महिन्यात डिक्कीची भट्टी होते. आमच्या शेजारच्या काकांनी एकदा अशीच पावती जपून ठेवायची म्हणून लॅमिनेट करायला दिली. गरम रोलरमधून बाहेर आली ती काळीठिक्कर पाटी. काका अजून त्या लॅमिनेशनवाल्यालाच दोष देतात.

आता तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांची बाजू, "उद्या काहीही लागेल"वाल्यांची. मी त्यांच्याच जातीचा होतो, म्हणून त्यांची कीव करत नाही. पण "उद्या काय लागेल" याआधी "आज काय लागतं" ते लिहून काढायला सांगा. पिग्मीची सुरुवात १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेनं केली, जी पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. रोज दोन आण्यांपासून पैसे दारात जाऊन गोळा करायचे. आज तुम्ही यंत्रात टाकता काय? खातं क्रमांक आणि रक्कम. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली.

कॅमेरा कशाला, तर नवं खातं उघडताना कागदाचा फोटो. महिन्यातून किती वेळा? तीन? चार? त्याला तुमचा आत्ताचा फोन पुरे. क्यूआर कशाला, तर गॅरेजवाला मोबाईलवरून पैसे टाकतो म्हणून. क्यूआर छापून लॅमिनेट करून गळ्यातल्या ओळखपत्रामागं घातला तरी स्कॅन होतो (हा साध्या प्रिंटरवर छापून घ्या, काकांसारखं नको). फक्त पैसे आल्याचं तुम्हाला तिथल्या तिथं कसं कळणार, ते संस्थेकडून पक्कं करून घ्या. गिऱ्हाइकानं दाखवलेल्या पडद्यावर विश्वास ठेवून पावती फाडू नका. सिमकार्डचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. नोंद लगेच शाखेत गेली तर मशीन हरवलं तरी दिवसभराचा हिशेब वाचतो. पण पत्र्याच्या मंडईत, तळघरातल्या गाळ्यांत रेंज नसते. तेव्हा प्रश्न असा विचारा: रेंज नसताना नोंद घेऊन पावती निघते का, आणि रेंज आल्यावर ती आपोआप जाते का? दोन्हीला हो असेल तरच सिमकार्डाचा उपयोग. नाहीतर मंडईच्या मधोमध हात वर करून रेंज शोधत फिरायची वेळ येईल.

सोयी भरपूर आणि तरीही वापर नाही, असं एक यंत्र आपल्याकडेच होऊन गेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एनकोर नावाच्या कंपनीतले इंजिनिअर यांनी मिळून सिंप्युटर नावाचा हातात मावणारा संगणक बनवला. एनकोरचे विनय देशपांडे त्यात होते. २००४ मध्ये त्याचं अमिडा नावाचं मॉडेल विकायला आलं. काचेवर लिहा, भारतीय भाषांत वापरा, यंत्र हातानं हलवलं की पान उलटायचं, आणि स्मार्टकार्ड घालून एकच यंत्र गावातल्या अनेकांनी आपापल्या खात्यासारखं वापरायचं. शेवटची कल्पना तर जवळजवळ तुमच्या कामासाठीच केलेली. पण ते फार विकलं गेलं नाही. आणि तुमचं ते ठोकळेबाज, बटणांचं, सोळा-सतरा कामं न येणारं मशीन अकरा वर्षं रोज चाललं. मला सिंप्युटरचं वाईट वाटतं. तो काळाच्या पुढं होता, आणि तेवढ्यात स्वस्त मोबाईल आले. पण बाजारात १४० जणांसमोर उभं राहताना मी तुमचंच जुनं मशीन हातात धरलं असतं.

त्या जुन्या मशीनबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण तुमच्या अंगठ्याला ती माहीत आहे. पाचाच्या बटणावर एक उंचवटा असतो. अकरा वर्षांत तुम्ही आकडे न बघता दाबायला शिकला असाल. मान वर, डोळे खातेदाराकडे, "काय मावशी, पाऊस किती झाला?", आणि अंगठा खाली आपलं काम करतोय. एसटीचे जुने कंडक्टर तिकिटांचा ट्रे आणि पंच हातात घेऊन गर्दीतून जायचे, तेव्हा त्यांची बोटंही अशीच चालायची. काचेला उंचवटा नसतो. काच तुमचे डोळे मागते, आणि डोळ्यांना चष्मा लागतो. दोन्ही पर्यायांत काचच आहे, त्यामुळे यावर भांडण नको, पण मागणी करा: आकडे जाड आणि मोठे हवेत, रकमेचा आकडा पडद्यावर अर्धी जागा घेणारा हवा, "छापा"चं बटण खालच्या कोपऱ्यात अंगठ्याजवळ हवं. ॲप बनवणाऱ्याला हे करायला फारसा वेळ लागत नाही. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच. आणि पहिले आठ-दहा दिवस शून्य जास्त पडलंय का हे पावती देण्याआधी बघत चला.

तुमच्या मुलाचा साडेसहा इंची सल्ला. रागावू नका त्याच्यावर. जग त्याच्याच बाजूनं गेलंय. २०११ मध्ये सॅमसंगनं ५.३ इंची गॅलक्सी नोट हा फोन काढला तेव्हा लोक हसले होते, कानाला पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणून. आज तेवढा फोन लहान म्हणून ओळखला जातो. उलट "लहान फोन द्या हो" असा घोशा लावणाऱ्यांसाठी ॲपलनं २०२० मध्ये ५.४ इंची मिनी काढला, २०२१ मध्ये पुन्हा काढला, आणि २०२२ च्या नव्या फोनांत मिनी नव्हता, त्याऐवजी मोठा प्लस होता. लहान हवा म्हणणारे दुकानात गेल्यावर मोठा घेऊन येतात. घरी बसून वाचायला, मालिका बघायला, चाळिशीच्या डोळ्यांना मोठाच बरा, हे मीही मान्य करतो. पण मुलाला एकदा तुमच्याबरोबर मंडईत न्या. एका हातात नोटा धरायला लावा, आणि दुसऱ्या हातातल्या साडेसहा इंची फोनच्या वरच्या कोपऱ्याला त्याच हाताचा अंगठा लावून दाखव म्हणा. त्याचा हात तुमच्यापेक्षा मोठा असेल, तरीही.

आणि फोन कुणाच्या पैशांनी? हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, म्हणून मीच काढतो. संस्थेचं काम तुमच्या फोनवर म्हणजे घसारा तुमच्या फोनचा, चार्ज तुमचा, पडून काच फुटली तर खर्च तुमचा. नोंद करता करता मुलाच्या कॉलेजमधून फोन आला तर नोंद अर्धी राहिली की झाली? फोन चोरीला गेला तर त्यातला हिशेब कुणाच्या जबाबदारीवर? मी तरी हे लेखी असल्याशिवाय दुसऱ्या पर्यायाला हो म्हटलं नसतं. मित्राच्या मुलीचा असाच अनुभव आहे. एका ठिकाणी वसुलीचं ॲप तिच्या फोनवर टाकलं, फोन सहा महिन्यांत मान टाकायला लागला, आणि "फोन तुमचा आहे" एवढं उत्तर मिळालं.

तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. तुमच्यासाठी एकत्र मशीन, खांद्यावरून तिरक्या पट्ट्यानं, नितंबाच्या जरा वर टेकेल इतक्या उंचीवर. पट्टा लांब ठेवलात तर मशीन चालताना आपटत राहील. रोकड वेगळ्या पिशवीत, विरुद्ध खांद्याला. तुमचा फोन पर्समध्ये राहू द्या, घरच्यांसाठी.

पण माझ्या कलावर शनिवारी सही करू नका. आधी हॉकिन्स करा. घरात जुन्या मोबाईलचा पुठ्ठ्याचा खोका असेलच. त्यात तांदूळ भरा, वाण्याकडच्या काट्यावर साडेचारशे ग्रॅम करून घ्या, चिकटपट्टी लावा, नाडी बांधून खांद्याला अडकवा. दोन दिवस फेरीवर न्या. जुन्या मशीनवर नोंद करायचीच आहे, पण प्रत्येक खातेदारापाशी आधी तो खोका हातात घ्या, अंगठ्यानं पाच-सहा वेळा टकटक करा, सोडा. पुढचे दोन दिवस दुसरा प्रयोग: तुमचा फोन आणि प्रिंटरऐवजी अडीचशे ग्रॅम साखरेची पुडी, दोन्ही पर्समध्ये, दोन्ही दर वेळी बाहेर. लोक विचारतील काय चाललंय. सांगा, नवीन मशीनची प्रॅक्टिस. संध्याकाळी मनगट, खांदा आणि मान यांतलं काय दुखतंय ते वहीत लिहा, आणि फेरी किती वाजता संपली तेही. चौथ्या दिवशी मनगट सुजलं असेल तर मी चुकलो. बिनधास्त दुसरा पर्याय घ्या, मला कळवा.

राहिला सहा जणांच्या एकमताचा प्रश्न. तो मुळात तुम्हाला घालायलाच नको होता. ज्या दादांच्या फेरीत पस्तीस पक्की दुकानं आहेत, बसायला खुर्ची मिळते, शर्टाला खिसा आहे, त्यांना मोबाईल आणि छोटा प्रिंटरच सोयीचा. त्यांना मशीन घ्यायला लावणं हाही जुलूमच. साहेबांना विचारा, दोन्हीकडून येणारा डाटा शाखेत एकाच ठिकाणी पडतो ना? मग तीन जणांना हे, तीन जणांना ते, यात अडचण कसली? खरेदीत सूट कमी मिळेल, असं म्हणतील. मिळू दे. आणि नाहीच ऐकलं, एकच घ्या म्हणाले, तर मशीनचं नाव सांगा, कारण खिसा असलेला माणूस पट्टा लावू शकतो, पण तुम्ही ऐनवेळी खिसा कुठून आणणार?

म्हणजे, आणू शकता. तुमच्या खातेदारांत शिंपी आहेत असं लिहिलंय. उद्या पिग्मी घ्यायला जाल तेव्हा एक ड्रेस बरोबर न्या आणि उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा घालायला सांगा. खोल, वीतभर, तोंडाला चेन, आणि कापड दुहेरी, नाहीतर फोनच्या वजनानं शिवण उसवते. तांदळाचा खोका दाखवून माप देऊ नका, फोनचं द्या. शिलाईचे पैसे घेईनात तर त्याच दिवशी त्यांच्या खात्यात भरून पावती हातात ठेवा.